नदीचा फोन

शुक्रवारी दुपारी बेनी मेल्लालमध्ये सरकारी कामाला कुणी जाऊ नये. पुरुष मशिदीत असतात, आणि नमाज सुटली की अख्खं शहर कुसकुसच्या परातीभोवती कोंडाळं करून बसतं. पूर-इशारा कचेरीतही त्या दिवशी दोनच माणसं उरली होती. एक इत्तो. कासाब्लांकात बरीच वर्षं नोकरी करून ती नुकतीच इथे तंत्रप्रमुख म्हणून आली होती, आणि प्रमुखाने टेबल सोडायचं नसतं असं तिला अजून वाटत होतं. नव्याचे नऊ दिवस. दुसरा बास्सू, निवृत्तीला टेकलेला जुना तंत्रज्ञ. गुडघे गेल्यापासून तो बसल्या जागीच नमाज पढायचा. ती उरकून तो मागच्या खोलीत चहात पुदिना कोंबत बसला होता.

पडद्यावर वरच्या पुलाच्या मोजपट्टीची रेघ उन्हाळाभर आडवी पडून होती. ती बघता बघता उभी राहिली.

डोंगरमाथ्यावर गारांचा पाऊस कोसळला होता. शहरात ऊन होतं, खाली खोऱ्यात तर त्याहून कडक. आणि त्या खोऱ्यात, नदीच्या कोरड्या पात्रात, शुक्रवारचा सूक भरला होता. आठवड्याचा बाजार. पात्र सपाट, सावलीला कण्हेरीची झुडपं, आणि जागेचं भाडं नाही, म्हणून आज्या-पणज्यांपासून तो तिथेच भरतो. शहाण्यांनी कितीही ओरडावं. दुपारी पुरुष नमाजाला वर गावात जातात, मग पात्रात उरतात त्या बायका: अंडीवाल्या, कोंबड्यावाल्या, लोकरवाल्या. इत्तोची आई हद्दा त्यांच्यातलीच. टोपलीभर अंडी गवतात मांडून ती वर्षानुवर्षं त्याच दगडाशी बसत आली होती.

पाणी वरच्या पुलापासून सुकापर्यंत यायला तासही लागत नाही.

इशारा आपोआप सुटला. पडद्यावर खोऱ्यातल्या फोनांची नावं भराभरा हिरवी होत गेली: पोचला, पोचला, पोचला. एसएमएस सगळ्यांना पोचला होता. इत्तोने रोखलेला श्वास सोडला. आपण नीट लावून दिलेली यंत्रणा नीट चालली, याचा तिला आनंदच झाला. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही वाटला.

बास्सू हातात पेला घेऊन दारात आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नदीने फोन केला?"

"कुणी?"

"नदीने गं! एसएमएस कोण वाचतंय तिकडे? फोन कंपन्यांच्या जाहिरातींनी पेट्या तुंबल्यात. आणि निम्म्या बायांना वाचता येतंच कुठे? फोन गेला का ते सांग."

"काका, फोन करणारा निरोप्या आपल्याकडे नाहीच. एसएमएस, ईमेल आणि ॲप. तीनच आहेत."

बास्सूच्या हातातला पेला तसाच राहिला.

"चौथा होता," तो म्हणाला. "'तात्पुरता' नावाचा."

ते नाव इत्तोने पाहिलं होतं.

आता हे निरोप्ये प्रकरण थोडं सांगायला हवं. कचेरी स्वतः कुणाला निरोप देत नाही. ती बाहेरच्या कंपन्यांच्या सेवा जोडून घेते. कुणी एसएमएस पाठवतं, कुणी ईमेल. ऑफिसात त्यांना निरोप्ये म्हणत. कुठला निरोप्या जोडायचा, त्याची किल्ली, म्हणजे आत शिरायचा परवलीचा शब्द, कोणती, कुणाला काय सांगायचं, हे सगळं एका फाइलीत लिहायचं. मग एक टूल दर अर्ध्या तासाने ती फाइल वाचतं आणि प्रत्यक्षात तसंच आहे ना ते बघतं. कमी असेल ते जोडतं. या टूलला सगळे मुकादम म्हणत, कारण मोहल्ल्यातल्या मुकादमासारखी कोण कुठे राहतंय याची खबर त्याला असते. जुन्या काळी तो फक्त जोडायचा. इत्तो आली आणि तिने त्याला काढायचाही अधिकार दिला. जे फाइलीत नाही, ते जगात नको.

पहिल्याच खेपेला मुकादमाने विचारलं होतं: फाइलीत नसलेला एक निरोप्या सापडला आहे, नाव 'तात्पुरता', काढू का? इत्तोने हो म्हटलं. नियमाप्रमाणे दुसरा होकार कचेरीचे प्रमुख सी जिलाली, म्हणजे जिलालीसाहेब, यांचा. तो त्यांनी साखरेचा खडा चघळत, पडद्याकडे न बघता दिला. 'तात्पुरता' नावाचं जे काही असतं ते कचराच असणार, असं दोघांनाही वाटलं. त्यानंतरच्या बैठकीत इत्तोने सगळ्यांसमोर बास्सूला ऐकवलं होतं की हाताने केलेलं काम म्हणजे घाण, ती आता इथे चालणार नाही. आणि त्याच संध्याकाळी बास्सूची यंत्रणेत शिरायची किल्ली काढून घेतली. पण 'तात्पुरता' काढून टाकलाय, हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"फाइलीत का नाही लिहिलात?" इत्तो ओरडलीच.

"मुकादमाला फोनवाला निरोप्या ओळखताच यायचा नाही तेव्हा! पाणी तर वाट बघत नाही. म्हटलं, तात्पुरतं हाताने जोडू. ते चाललं. चालत्या गाढवाला कोण हटकतं, पोरी?"

"पण अनोळखी नंबर उचलतं कोण?"

"अनोळखी नाहीच तो. दोन उन्हाळे सुकासुकातून हिंडलो मी. एकेका म्हातारीचा फोन हातात घेऊन त्यात तो नंबर 'नदी' म्हणून घातला. आणि वाचता येत नाही म्हणून त्याला वाजायला कोल्हेकुई लावली. भर दुपारी कोल्हा ओरडला की समजायचं, नदीचा फोन."

इत्तोला एकदम आठवलं. मागे एकदा आई म्हणाली होती, "काल नदीचा फोन आला होता बाई." कासाब्लांकाच्या ऑफिसात बसून ती हसली होती. म्हाताऱ्यांच्या गप्पा, म्हणून सोडून दिलं होतं.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. हद्दाचा फोन कमरेच्या कापडात, कापडावर लोकरीचा पट्टा, आणि सुकाचा गलका. साधा फोन तिला ऐकू येतच नसे. बास्सूने गावातल्या इमामाला लावला. बंद. शुक्रवारच्या खुतब्याला, म्हणजे प्रवचनाला, इमामाचा फोन बंदच असायचा, आणि समोर ओळीने बसलेल्या सगळ्यांचेही बंदच असायचे. पोलीस चौकीवर कुणीतरी उचललं. "जीप सोडतो," तो म्हणाला, "पण घाटात दगड आलेत, कधी पोचेल सांगता येत नाही."

"जोड तो निरोप्या परत," बास्सू म्हणाला.

इत्तोने फाइल उघडली. दोन ओळी लिहिल्या आणि थांबली. मुकादमाकडून करायचं तर दुसरा होकार हवा. तो सी जिलालींचा. सी जिलाली मशिदीत, फोन बंद. दोघांच्या होकाराचा हा नियम कुणी केला? तिनेच केला. शिवाय मुकादमाने जोडला तरी कंपनी मिळेल तो नवा नंबर देणार. नवा नंबर म्हणजे कोल्हेकुई नाही.

"तो जुना नंबरच हवा," ती म्हणाली. "गेला असेल का दुसऱ्या कुणाला?"

"सोडलेला नंबर ते काही दिवस राखून ठेवतात. पण मागायचा तर कंपनीच्या वेबपानावर जाऊन, हाताने."

हाताने. तो शब्द त्याने मुद्दाम म्हटला नव्हता. तसं म्हटला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या तोंडावर टोमणा नव्हताच, नुसती भीती होती. त्याची थोरली बहीणही त्या सुकात लोकर विकते.

"बसा इथे," इत्तो खुर्चीवरून उठली. "तुम्हाला ते पान माहितीय. माझ्या किल्लीने करा."

"तुझी किल्ली? लाल्ला, प्रमुख बाईसाहेब, नियमाचं काय?"

"काका, नियम घाला चुलीत!"

बास्सूची बोटं जाडी, हळू. तो एकेक अक्षर शोधत होता आणि इत्तोला त्याला ढकलून स्वतः बसावंसं वाटत होतं. पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात वरच्या पुलाची रेघ आणखी चढली. मधल्या पुलाची अजून आडवीच होती. मधल्या पुलानंतर सूकच.

"आहे," बास्सू म्हणाला. "आहे गं! नंबर आपल्याच नावावर राखलाय." त्याने तो मागून घेतला. नवी किल्ली कॉपी केली. खोऱ्यातल्या फोनांची यादी जोडली. पडद्यावर चौथा निरोप्या उभा राहिला, आणि लगेच त्याच्या शेजारी पिवळी पाटी आली: फाइलीत नाही. पुढच्या फेरीत काढला जाईल.

मुकादम. पुढची फेरी आता येईल, मग येईल. फोन सुरू असतानाच तो मधून निरोप्या काढून टाकणार. एकाच वेळी सगळ्यांना फोन लागत नाहीत. तुकड्या-तुकड्याने लागतात. अर्ध्या बायांना जाईल आणि अर्ध्यांना नाही. त्याला थांबवायचं? त्यालाही दोन होकार. इत्तोने हे दारही स्वतःच्या हाताने पक्कं बंद करून ठेवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

ती कोपऱ्याकडे धावली. तिथे स्टुलावर जुनाट संगणक गुरगुरत बसला होता. त्याच्यातच मुकादम राहायचा. वर तिच्याच अक्षरात कागद चिकटवलेला: कुणीही, कुठल्याही कारणाने बंद करू नये. इत्तोने भिंतीतली वायर धरली आणि उपटली. गुरगुर थांबली. निरोप्ये मुकादमाविनाही काम करतात. फक्त त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी उरत नाही.

"आता पाठवा!"

"काय पाठवू? आवाज गेला ना जुन्या निरोप्याबरोबर," बास्सू म्हणाला. "माझं बोलणं त्यातच भरलेलं होतं. परत भरायला हवं."

"मग बोला ना!"

बास्सू बोलायला गेला आणि खोकला. चहा, धावपळ, छातीत भरलेला दमा. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा त्याने नुसताच हात हलवला आणि मायक्रोफोन तिच्यापुढे सरकवला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

"तू बोल. आपल्या बोलीत बोल. अरबी नको, फ्रेंच तर नकोच. त्यांना आपली अमाझीगच कळते."

इत्तोने तोंड उघडलं आणि तिला शब्दच सापडेना. 'इशारा', 'पातळी', 'सुरक्षित स्थळ'. हे सगळं तिला फ्रेंचमध्ये येत होतं, अरबीतही येत होतं. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं परक्या बोलींत झालं होतं. ऑफिसात कुणी डोंगरातलं अमाझीग बोललं की ती ऐकलं न ऐकल्यासारखं करायची. लाज वाटायची तिला, आणि हे ती स्वतःलाही कबूल करत नसे. घरची बोली तिच्याकडे उरली होती ती फक्त एका माणसाशी बोलण्यापुरती.

मधल्या पुलाची रेघ थरथरली.

"बोल!" बास्सू ओरडला.

तिने डोळे मिटले. दगडाशी बसलेली, मान खाली घालून अंडी पुसणारी आई दिसली. आणि ती जे बोलली ते कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं.

"आई, ऊठ! पाणी आलंय, वरून येतंय, खरंच येतंय. अंडी राहू दे. आई, टोपलीला हात लावू नकोस, तुला माझी शपथ आहे. गाढव सोडून दे, ते आपलं आपण येईल. मशिदीकडची पायवाट धर. मागे बघू नकोस. आई, ऊठ ना गं!"

शेवटी तिचा आवाज फाटला. बास्सूने तिच्याकडे पाहिलं. नीट भरायचं का पुन्हा, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि रेघ उभी राहिली. त्याने बटण दाबलं.

पहिल्या तुकडीची नावं पिवळी झाली. वाजतोय. मग एक हिरवं झालं: पूर्ण ऐकला. मग दोन, मग भराभर. बास्सू नावं वाचत होता, कारण गप्प बसणं त्याला जमत नव्हतं. "फाद्मा लोकरवाली, ऐकला. तामू कोंबडीवाली, ऐकला. ही माझी बहीण! ऐकला! अल्लाची कृपा. मामास, ऐकला…" इत्तोची नजर एकाच ओळीवर होती. हद्दा. वाजतोय. वाजतोय. उचलला नाही. निरोप्याने पुन्हा लावला. वाजतोय.

"तिची जागा सगळ्यांत खाली आहे," इत्तो म्हणाली. "झुडपांजवळ. तिला कान कमी आहे एका बाजूचा. काका, तिच्या फोनात घातला होतात ना कोल्हा? नक्की घातला होतात?"

"घातला होता, पोरी. तिने मला दोन उकडलेली अंडी दिली होती."

मधल्या पुलाची मोजपट्टी एकदम शून्यावर गेली. म्हणजे पाणी ओसरलं नव्हतं. पट्टीच वाहून गेली होती. हद्दाच्या नावापुढे लाल खूण आली. उचलला नाही. निरोप्या तीनदा फोन करतो, मग सोडून देतो.

इत्तोने स्वतःच्या फोनवरून लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ती जमिनीवर बसली, त्या उपटलेल्या वायरीशेजारी, आणि तिला कळेना की हुंदका यायला हवा तर येत का नाही. एका 'हो'ने तिने नदीचं तोंड बंद केलं होतं. तेवढंच डोक्यात फिरत राहिलं. बास्सूने आपले दोन्ही गुडघे करकरत खाली टेकवले आणि तिच्या शेजारी बसला.

रस्त्यावर नमाजहून परतणाऱ्यांचे आवाज येऊ लागले. सी जिलाली दारात उभे राहिले. अंगात पांढरा पायघोळ झेल्लाबा, हातात घरून आणलेली झाकलेली थाळी.

"म्हटलं, पोरगी उपाशी असेल, कुसकुस आण…" त्यांनी अंधारलेला कोपरा पाहिला, उपटलेली वायर पाहिली, पडद्यावरचा चौथा निरोप्या पाहिला. "हे काय? मुकादम कुणी बंद केला?"

"मी," इत्तो म्हणाली. "हाताने."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने उचलला.

"इत्तो?" पलीकडे वारा होता, बायकांचा कल्ला होता, आणि सगळ्यांच्या वर एक चिडका आवाज. "हा तामूचा फोन आहे. माझा फोन गेला, कापडातून पडला कुठेतरी पळताना. नवा घेऊन दे मला. आणि अंडी गेली सगळी, टोपलीसकट. नदीने नेली. ऐकतेयस का?"

"आई," इत्तो म्हणाली. मघापासून न आलेला हुंदका आता आला.

"रडू नकोस, ऐक आधी. मला फोन ऐकू आलाच नाही. या तामूने माझा दंड धरून ओढलं. मी म्हटलं, थांब बाई, अंडी भरू दे. दरवेळी बास्सूचा आवाज येतो, 'उंचावर जा' म्हणतो, आणि आम्ही आपलं सामान बांधून, गाढव लादून, सावकाश जातो. आज ही बया टोपलीला हातच लावू देईना. म्हणे, माझ्या लेकीने शपथ घातलीय."

"कुणाच्या लेकीने?"

"तेच तर! तामूची लेक फ्रान्सला, दोन वर्षं फोन नाही तिचा. आणि फाद्मा म्हणते, नाही, माझ्या लेकीचा आवाज होता. मामासला तर लेकच नाही, तरी तीही टाकून पळाली सगळं. इथे मशिदीच्या भिंतीला सगळ्या टेकून बसल्यात आणि भांडतायत, कुणाची लेक म्हणून. एकीनेही गाठोडं आणलं नाही गं. एकीनेही नाही." हद्दा थांबली. वाऱ्यातून पाण्याचा दगड घरंगळवणारा आवाज इत्तोपर्यंत आला. मग आईचा आवाज उतरला. "मला तामूने तिच्या फोनवरून नदीला उलटा फोन लावून तो निरोप ऐकवला. आवाज कुणाच्या लेकीचा, ते मी त्यांना सांगितलं नाही अजून. भांडू देत थोडा वेळ."